सर्व कामगार बंधूंना कळविण्यात येते की

परळच्या पिंगळे चाळीच्या तोंडाशी एक काळा फळा आहे. त्याच्या डोक्यावर ऑइलपेंटनं एक ओळ रंगवलीय : 'सर्व कामगार बंधूंना कळविण्यात येते की,'. पुढं स्वल्पविराम, आणि खाली सगळी जागा मोकळी. ही ओळ पाण्यानं जात नाही, रॉकेलनं जात नाही. कांतानं एकदा चिडून काथ्यानं घासली, तर काथ्याचा भुगा झाला आणि ओळ आणखी चमकायला लागली.

ह्या ओळीचा बाप म्हणजे गुणाजी, चाळीच्या मंडळाचा सेक्रेटरी. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा दिवसाला तीन-तीन सूचना असायच्या. आज सभा, उद्या मोर्चा, परवा मोर्च्याबद्दल सभा. प्रत्येक वेळी तीच सुरुवात लिहून गुणाजीचा हात भरून आला. त्यानं पेंटर आणला आणि ती ओळ कायमची करून टाकली. संप काय, चालेल महिना दोन महिने, असं त्याला वाटलं होतं. ऑइलपेंटला असलं काही वाटलेलं नव्हतं.

आता दीड वर्ष झालं. सभा आटल्या, मोर्चे आटले, अर्धी चाळ कोकणात गेली. फळ्यावर कळवायला काही उरलंच नाही. रोज सकाळी ती ओळ कामगार बंधूंना कळवायची की, आणि पुढं गप्प बसायची.

कांता त्याच चाळीतली, पहिल्या मजल्यावरची. वय सोळा. शाळा नववीत सुटली. सुटली म्हणजे काय, मास्तरांनी तिला डस्टर फेकून मारला, तो तिनं परत फेकून मारला. मास्तरांचा हुकला होता, तिचा लागला. त्यानंतर शाळेला तिची आणि तिला शाळेची फारशी गरज वाटेना.

पण वाचायची मात्र राक्षसासारखी. मंडळाच्या खोलीत वाचनालयाचं एक लोखंडी कपाट होतं. त्यातले खालचे दोन कप्पे पोरांचे. भुयारं, चाचे, हरवलेले हिरे, बोलणारे पोपट, पोलिसांच्या आधी चोर पकडणारी पोरं. कांतानं सगळं खलास केलं होतं, काही तर दोनदा. बाकीची पोरं वाचणार तेवढ्यात खजिनदार महादेव गावाला गेला आणि कपाटाची चावी करगोट्याला बांधून घेऊन गेला. गुणाजीनं कणकवलीला पत्र टाकलं. महादेवाचं उत्तर आलं : 'चावी सुरक्षित आहे. काळजी नसावी.'

तेव्हापासून चाळीतली पोरं कांताच्या मागं लागली. सगळ्यांत पुढं शांती, वय वर्षं नऊ, पुढचे दोन दात पडलेले. कांतानं कपाटातल्या सगळ्या गोष्टी तोंडपाठ सांगितल्या. त्या संपल्या तेव्हा स्वतःची सुरू केली. त्यात एकच अडचण. रोज कोणी तरी उशिरा टपकायचं आणि म्हणायचं, "पहिल्यापासून सांग ना."

सातव्यांदा पहिल्यापासून सांगताना कांताचं डोकं सटकलं. तिनं मंडळाच्या खिडकीतला खडू उचलला आणि तरातरा फळ्यापाशी गेली.

"एकदाच लिहिणार. वाचा आणि गप पडा!"

अशा तऱ्हेनं त्या संध्याकाळी, कित्येक महिन्यांनी, फळ्यावर मजकूर आला :

'सर्व कामगार बंधूंना कळविण्यात येते की, हौसाच्या मुंगसाचं नाव बॉबिन होतं.'

गोष्ट अशी : गिरणीचा भोंगा चोरीला गेलाय. भोंगा वाजत नाही म्हणून गिरणगावात सकाळच होत नाही. सगळे अंधारात चाचपडतायत. मग बारा वर्षांची हौसा गलोल घेते, खांद्यावर बॉबिनला घेते आणि भोंग्याच्या शोधात निघते. रोज फळाभर मजकूर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुसायचा, पुढचा लिहायचा.

आठवडाभर फक्त पोरं वाचत होती. मग पाण्याला उभ्या राहिलेल्या बाया वाचायला लागल्या. मग बापे. वाचायचे पण आपण वाचत नाही असं दाखवत, म्हणजे विडी पेटवायला बरोबर फळ्यासमोरच थांबायचे. एका विडीला चार-चार काड्या जायला लागल्या.

एकच माणूस थांबायचा नाही. कांताचा बाप, दौलत. गिरणीत चार साचे, म्हणजे माग, एकट्यानं सांभाळणारा विणकर. संपाच्या पहिल्या वर्षी फळ्यावरची प्रत्येक सूचना सगळ्यांच्या आधी वाचणारा. आता संध्याकाळी फळ्यावरनं जायचा तो मान खाली घालून, जसा काही तो फळ्याचं देणं लागत होता. कांताला चाळीनं वाचलं काय न वाचलं काय, सारखंच. ह्या एका माणसानं एकदा मान वर करून वाचावं, एवढंच तिला पायजे होतं. अर्थात हे तिनं जीभ कापली असती तरी कोणाला सांगितलं नसतं.

आता, गिरणगावात एखादी गोष्ट चार माणसांनी वाचली की ती लिहिणाऱ्याची राहत नाही. पहिला आला कुशाबा. कुशाबा गिरणीत बॉयलरवर होता. सत्तावीस वर्षं भोंग्याची साखळी त्यानंच ओढलेली.

"कांते, भोंगा चोरीला गेला म्हणतेस. कोणाच्या ताब्यातनं गेला?"

"कोणाच्या म्हणजे? गिरणीतनं गेला."

"गिरणीत भोंगा कोणाकडं होता? माझ्याकडं. म्हणजे आळ कोणावर?"

"अहो काका, गोष्ट आहे ती!"

"गोष्ट तुझी, अब्रू माझी. माझ्या सुट्टीच्या दिवशी चोरी झाली असं लिही."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं की चोरी सुट्टीच्या दिवशी झाली. तर कुशाबा परत हजर. चोरानं भोंग्याचा आवाज लोखंडी पेटीत कोंडला, हे त्याला पटेना. "आवाज म्हणजे वाफ. पेटी फुटून जाईल." मग काय चालेल? कुशाबानं बराच विचार करून सांगितलं, चिनी मातीची बरणी चालेल, जाड बुडाची. कांतानं बरणी लिहिली. घरी आली तर आई, लक्ष्मी, कमरेवर हात ठेवून दारात उभी.

"चाळ विचारते, तुमच्या लोणच्याच्या बरणीत काय आहे म्हणून. आपल्या घरातली भांडी गोष्टीत न्यायची नाहीत, सांगून ठेवते."

मग जाईबाई. वरळी कोळीवाड्यातनं मासे घेऊन यायची. तिला वाचता येत नव्हतं. शांतीकडनं वाचून घ्यायची आणि बदल्यात तिच्या घरी दोन बांगडे जास्त पडायचे. पंधरा दिवस ऐकल्यावर तिनं टोपली खाली ठेवली.

"अगो पोरी, हितका चालली तुजी हौसा, पण दर्या कुठं हाय? दर्याबिगर गोष्ट म्हंजे मिठाबिगर कालवण!"

झालं. हौसाला होडीत बसावं लागलं. तर होडी ओहोटीच्या वेळी काढली म्हणून जाईबाईनं भर चाळीत कांताची बिनपाण्यानं केली. तीन दिवस हौसा चिखलात रुतून बसली, भरती येईपर्यंत. पण जाईबाईचा एक फायदा होता. तिच्या टोपलीतनं गोष्ट वरळीच्या बीडीडी चाळींत जायची, ताज्या माशांसारखी रोजच्या रोज.

आणि मग गुणाजी जागा झाला. तो महिनाभर गावी गेलेला. परत येऊन बघतो तर त्याच्या ऑइलपेंटखाली मुंगूस. त्यानं तातडीची सभा बोलावली. अध्यक्ष गावाला, खजिनदार गावाला, त्यामुळं सभेत गुणाजी, कुशाबा आणि सतरंजी. कांताला बाहेर बसवलं. मग आत बोलावलं, अर्ज लिहायला लावला. 'विषय : फळ्यावर गोष्ट लिहिण्यास परवानगी मिळणेबाबत.' अर्जाच्या तीन प्रती. एक मंडळाला, एक अर्जदाराला, एक महादेवाच्या कपाटात ठेवायला. कपाट बंद होतं म्हणून ती तिसरी फटीतनं आत सारली.

"परवानगी आहे," गुणाजी म्हणाला, "पण अटी आहेत. एक, मंडळाची सूचना असेल तर जागा द्यावी लागेल. दोन, शुद्धलेखन मी तपासणार. तीन, भूत चालणार नाही. मंडळ पुरोगामी आहे."

"अहो, पण भोंगा भुतानंच चोरलाय!"

"मग त्याला मुकादम कर."

"मुकादम का?"

"मुकादम चोर आहे म्हटल्यावर कोणाची हरकत येणार नाही."

भुताचा मुकादम झाला, आणि गोष्ट एकदम दुप्पट खपायला लागली.

पण ते शुद्धलेखन! गुणाजी लाल खडू घेऊन यायचा. नुसत्या वेलांट्या सुधारल्या असत्या तर कांतानं दात ओठ खाऊन सोसलं असतं. हा माणूस भाषाच बदलायचा. कांतानं लिहावं 'हौसा बोंबलली', ह्यानं करावं 'हौसाने आवाहन केले'. तिनं लिहावं 'बॉबिननं मुकादमाच्या ढुंगणाला चावा घेतला', ह्यानं करावं 'बॉबिनने मुकादमास मागील बाजूस इजा केली'. एकदा तर कांतानं डस्टर उचललाच होता. पण नेम धरला आणि आठवलं की शाळा सोडता येते, चाळ सोडता येत नाही. डस्टर खाली ठेवला.

असं करत करत गोष्ट शेवटाला आली. त्या संध्याकाळी कांतानं जीव ओतून लिहिलं. वरच्या आठ ओळींत हौसा बरणी पाठीला बांधून गिरणीच्या चिमणीवर चढतेय, एकेक लोखंडी कडी धरत. एकसष्टाव्या कडीवर मुकादम तिचा पाय धरतो. बॉबिन आपलं काम करतो. मग हौसा वरनं सगळ्या गिरणगावाला ओरडून सांगते, 'उद्या सकाळी सातला भोंगा वाजणार! फाटक उघडणार! सगळे या!'

"पास?" कुशाबानं मागनं विचारलं.

"कसला पास?"

"गेटपास. पास नसेल तर वॉचमन आत घेत नाही. हौसाला सांगायला नको?"

कांतानं 'पास घेऊन या' जोडलं. मग गुणाजी आला लाल खडू घेऊन, आणि शेवटच्या ओळी अशा झाल्या : 'उद्या सकाळी ठीक सात वाजता भोंगा वाजेल व गिरणीचे फाटक उघडेल. तरी सर्वांनी आपापल्या गेटपाससह उपस्थित राहावे.'

एवढ्यावर भागलं असतं. पण दिवे लागायच्या वेळी म्युनिसिपालटीचा माणूस आला. पाइपचं काम आहे, उद्या पाणी लवकर येणार. गुणाजीला अट नंबर एक आठवली. त्यानं वरच्या आठ ओळी पुसल्या आणि तिथं पाण्याची सूचना लिहिली. हौसा गेली, बॉबिन गेला, बरणी गेली, चिमणी गेली. राहिलं ते असं :

'सर्व कामगार बंधूंना कळविण्यात येते की, उद्या पाणी पहाटे साडेचार वाजता येईल. उद्या सकाळी ठीक सात वाजता भोंगा वाजेल व गिरणीचे फाटक उघडेल. तरी सर्वांनी आपापल्या गेटपाससह उपस्थित राहावे.'

जाईबाईनं घरी जाता जाता कोणाकडनं तरी हे वाचून घेतलं, आणि गोष्ट टोपलीतनं वरळीला गेली.

आणि पहाटे साडेचारला पाणी आलं. म्युनिसिपालटीचं पाणी, सांगितल्या वेळेला! आता तुम्हीच सांगा, ज्या फळ्यानं हे खरं करून दाखवलं त्याची पुढची ओळ कोण खोटी म्हणेल?

कांता उठली तेव्हा साडेसहा वाजून गेलेले. बाप गॅलरीत खिळ्याला आरसा अडकवून दाढी करत होता. आई डब्यात भाकरी भरत होती. तो डबा फळीवरनं खाली आलेला कांतानं दीड वर्षात पाहिला नव्हता.

"कुठं निघालात?"

"जाऊन येतो," दौलत म्हणाला. इस्त्रीचा शर्ट घातला, खिशात पास ठेवला, खिसा चाचपला आणि गेला.

कांता दूध आणायला खाली उतरली. फळा बघितला. एकदा वाचला, परत वाचला. मग दुधाचं भांडं तिथंच शांतीच्या हातात कोंबून जी पळत सुटली ती गिरणीच्या फाटकापर्यंत.

फाटकासमोर चारशे माणूस. नुसती पिंगळे चाळ नाही, लालबाग, नायगाव, वरळीचे बीडीडीवाले. सगळ्यांच्या हातात डबे, दाढ्या केलेल्या, भांग पाडलेले. एकानं आपल्या साच्यासमोर फोडायला नारळ आणला होता. आत वॉचमन फाटकाच्या जाळीतनं बघत होता, घाम पुसत. बाहेर पोलिसांची गाडी. तिच्यातनं उतरलेला फौजदार विचारत होता, "कोणी बोलावलं तुम्हाला?"

"फळ्यानं," चारशे माणसं म्हणाली.

"फळा कोणाचा?"

वाट मोकळी झाली आणि गुणाजी एकटाच मधे उरला.

"मी फक्त शुद्धलेखन पाहतो, साहेब," तो म्हणाला, आणि पुरावा म्हणून पिशवीतला लाल खडू दाखवला.

कांता घुसली गर्दीत. कोपरं मारत पुढं आली.

"मी लिहिलं! गोष्ट आहे ती. हौसाची. ह्यांनी वरचं पुसलं म्हणून अशी दिसते."

नारळवाल्यानं नारळ पिशवीत परत ठेवला. मागनं कोणी तरी म्हणालं, "पोरीनं थट्टा केली काय आमची?"

एरवी कांतानं त्या आवाजाला शोधून काढून उत्तर दिलं असतं. आज ती त्या आवाजाकडं वळलीही नाही. समोर बाप उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, हातात डबा. त्याला चारचौघांत खुळा ठरवणारी दुसरी कोणी नाही, त्याचीच पोरगी.

दौलत पुढं आला. पण कांताकडं नाही, गुणाजीकडं.

"वरचं तू पुसलंस?"

"पाण्याची सूचना होती, दौलत. अट नंबर एक..."

"अरे, पोरगी एकसष्टाव्या कडीवर लटकत होती! खाली मुकादमानं पाय धरलेला! आणि तू पाणी लिहितोस? खाली जागा नव्हती?"

"बाबा, तुम्ही वाचता?"

"रोज. पहाटे, पाण्याच्या आधी. संध्याकाळी नको वाटतं, पोरं मधे मधे करतात. काल तेवढं राहावलं नाही. तू लिहून वर गेलीस तसा वाचून आलो."

"म्हणजे गोष्ट आहे हे ठाऊक होतं?"

"न ठाऊक असायला काय झालं?"

"मग आलात कशाला?"

दौलतनं खिशावर हात ठेवला. "पास घेऊन बोलावलं होतंस ना?"

ह्यावर गर्दीत खाकरणं सुरू झालं. कोणी म्हणालं, आम्हाला पण तसं ठाऊक होतं. कोणी म्हणालं, मी तर नुसता फेरी मारायला आलो, डबा सहज घेतला. वरळीचा एक म्हातारा म्हणाला, "ते राहू द्या. त्या मुंगसाचं काय झालं?" चारशेतले किती खरंच फसले आणि किती उगाच आले, हा हिशेब आजपर्यंत लागलेला नाही. कारण त्या दिवसानंतर फसलेला एकही माणूस सापडला नाही.

फौजदार वैतागला. "चला, पांगा! गोष्ट संपली!"

"संपली कशी?" कुशाबा म्हणाला. मनगट डोळ्यांजवळ नेऊन तो घड्याळ बघत होता. सत्तावीस वर्षं ह्या वेळेला त्याचा उजवा हात आपोआप वर जायचा. आजही गेला. पण धरायला साखळी नव्हती. मग त्यानं दोन्ही हात तोंडापाशी नेले, छाती भरून घेतली आणि सोडला.

"भोंऽऽऽऽऽ!"

खरं सांगायचं तर पहिल्यांदा म्हशीसारखा आला. पण दौलतनं डबा खाली ठेवून त्यात आवाज मिसळला. मग नारळवाल्यानं. मग मागं उभ्या राहिलेल्या पोरांनी, शांतीनं, दुधाच्या भांड्यात तोंड घालून. आणि मग चारशे गळे एकदम. समोरच्या चाळींच्या खिडक्या पटापट उघडल्या. कोणी तरी सवयीनं ओरडलं, "अहो, उठा, सात वाजले!"

आणि आत वॉचमन. बिचाऱ्याची काय चूक? उभी हयात भोंगा ऐकला की कडी काढायची, एवढंच त्याच्या हाताला ठाऊक. हातानं डोक्याला विचारलंच नाही. कडी निघाली आणि फाटकातला दिंडी दरवाजा करकरत उघडला.

सगळ्यांत पुढं दौलत होता. त्यानं पास काढून पुढं धरला. वॉचमननं तो नीट वाचला, मान डोलावली आणि म्हणाला, "जा." मग त्याला शुद्ध आली. दरवाजा धाडकन बंद. पण तोपर्यंत चारशे जणांनी बघितलं होतं, आणि आत मोकळं अंगण, त्यावर वाढलेलं गवत, त्याच्यापलीकडं विणखात्याचं दार, तेही बघितलं होतं.

फौजदारानं हवालदाराला हुकूम दिला, "लिहा! खोटी अफवा पसरवली म्हणून जबाब घ्या."

हवालदारानं वही काढली, पेन्सिल चाटली, थोडं लिहिलं आणि थांबला.

"साहेब, अडचण आहे. अफवा काय होती? सातला भोंगा वाजेल."

"हां, मग?"

"वाजला. मी ऐकला. फाटक उघडेल. उघडलं. आपण बघितलं. आता खोटी कशी लिहू?"

फौजदारानं फाटकाकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, कांताकडं बघितलं. मग म्हणाला, "नारळ फोडा आणि निघा." नारळ फाटकाबाहेरच फुटला. हवालदारानं खोबरं घेताना कांताला हळूच विचारलं, "मुकादम पडला का वरनं?"

"उद्या वाचा," कांता म्हणाली. आवाजात वट अशी, की गुणाजीनं नकळत पिशवीतला खडू काढून तिच्या हातात दिला. पांढरा.

गिरणी काही सुरू झाली नाही. पण त्या आठवड्यात कणकवलीहून महादेवाचं पत्र आलं : 'बातमी समजली. चावी घेऊन येत आहे. तोवर फळा पुसू नये. अथवा मला पहिल्यापासून सांगावे.' कांतानं पत्राचा बोळा केला, आणि मग परत उलगडून ठेवला.

शेवटचा भाग तिनं लिहिला तेव्हा फळ्यासमोर नायगावपर्यंतची माणसं आली होती. दौलत त्या दिवशी पहाटेची वाट बघत बसला नाही. सगळ्यांत पुढं, मान वर करून उभा राहिला. 'समाप्त' पर्यंत वाचलं. शेजारी कोणी परका माणूस विचारत होता, हे लिहितं कोण?

"माझी पोरगी," दौलत म्हणाला. मग जरा थांबून, खऱ्याला जागून, "वेलांट्या गुणाजीच्या."